जुन्या उघड्या छताच्या मोटारीत सीडी चेंजर बसवताना

छत मागे दुमडून निघालेल्या मोटारीत जुनी गाणी ऐकत जाण्याचा आनंद काही वेगळाच असतो. मात्र हा आनंद देणारे यंत्र त्या मोटारीत बसवणे वाटते तितके सोपे नाही. तीस-चाळीस वर्षे वयाच्या, उघड्या छताच्या गाडीत सीडी चेंजर बसवताना संगीतापेक्षा वीज आणि पाणी यांचाच विचार अधिक करावा लागतो. फ्यूज न लावता बॅटरीपासून ओढलेली एकच वायर कुठेतरी पत्र्यावर घासली, तरी जुन्या गाडीच्या वायरिंगला आग लागू शकते. जिचे सुटे भागही आता सहजी मिळत नाहीत, अशी मोटार त्यात कायमची हातची जाते.

ठाकुर्ली, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात अशा मोटारीच्या मालकापुढील अडचणी अधिकच वाढतात. चार महिन्यांचा धुवाधार पाऊस, उल्हास नदी व खाडीलगतची दमट हवा, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सान्निध्य आणि गाडी उभी करण्यासाठी बहुधा इमारतीचे उघडे आवार, अशी ही परिस्थिती आहे. बंद छताच्या नव्या गाडीत निष्काळजीपणे केलेले काम काही वर्षे निभावून जाते. उघड्या छताच्या जुन्या गाडीत ते पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडते. म्हणूनच हे काम कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन करावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

सीडी चेंजर म्हणजे काय?

कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजेच सीडी, १९८२ मध्ये बाजारात आली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचे मानक ठरवले होते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या या तबकडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचे संगीत मावते. १९८४ मध्ये पायोनियर कंपनीने मोटारीसाठी सीडी प्लेयर आणला. पण एका वेळी एकच सीडी वाजत असल्याने प्रवासात ती वारंवार बदलावी लागे. त्यावरचा उपाय म्हणून चेंजर आला. सहा, दहा किंवा बारा सीडी एका मॅगझिनमध्ये रचायच्या, ते मॅगझिन डिकीतील यंत्रात सरकवायचे आणि डॅशबोर्डवरील रेडिओच्या बटणांनी हवी ती सीडी निवडायची, अशी ही रचना असते. मॅगझिनमधून सीडी ओढून घेणे, ती फिरवणे आणि वाजवून झाल्यावर जागेवर परत ठेवणे, ही कामे यंत्रातील छोट्या मोटरी व गिअर करतात.

हे यंत्र नाजूक असते. सीडीवरील सर्पिलाकार रेषेच्या दोन वेढ्यांमध्ये अवघे १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक अंतर असते. लेसरचा किरण ही रेषा सोडू नये म्हणून वाचनयंत्रणा स्प्रिंग आणि रबरी गाद्यांवर तरंगत ठेवलेली असते. पुढील काळातील चेंजरमध्ये काही सेकंदांचे संगीत आधीच साठवून ठेवणारी स्मृतीही असे, त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळली तरी गाणे तुटत नसे.

मोबाइल फोन आणि पेनड्राइव्ह यांनी चेंजरची सद्दी संपवली. त्यामुळे आज या कामासाठी बहुधा वापरलेला चेंजरच शोधावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार ही जुन्या वस्तू व सुट्या भागांसाठी परिचित ठिकाणे आहेत. खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याच चेंजरचे मॅगझिन सोबत आहे काय. वेगवेगळ्या कंपन्यांची मॅगझिन एकमेकांत बसत नाहीत आणि मॅगझिनवाचून चेंजर निरुपयोगी असतो. दुसरी, रेडिओला जोडणारी मूळ केबल. तिसरी, मॅगझिनमधील पहिली आणि शेवटची सीडी यंत्र विनातक्रार उचलते काय. चौथी, घरी तयार केलेली सीडी ते वाचते काय. अशा सीडीवरून किरणांचे परावर्तन छापील सीडीपेक्षा कमी होते, त्यामुळे सुरुवातीच्या काळातील अनेक चेंजर ती नाकारतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी आणि एमपी-३ फाइली तर त्यांना बहुधा वाचताच येत नाहीत. यंत्र बिघडले म्हणून त्याचे झाकण उघडून चालू स्थितीत आत डोकावू नये. त्यातील लेसरचा प्रकाश ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो.

मोटार कोणत्या जातीची?

महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोव्यात दिसणाऱ्या जुन्या उघड्या मोटारींचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट १९५० आणि १९६० च्या दशकांतील ब्रिटिश व अमेरिकन मोटारींचा. ट्रायम्फ हेरॉल्डची भारतीय आवृत्ती, स्टँडर्ड हेरॉल्ड, १९६१ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली. स्वतंत्र चॅसिस आणि बोल्टने बसवलेले छत ही हेरॉल्डच्या रचनेची वैशिष्ट्ये. दुसरा गट जीप आणि १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीसारख्या कापडी टपाच्या वाहनांचा. तिसऱ्या गटात १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटार येते. रेनॉचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी असलेली ही गाडी देशात बनलेल्या मोजक्या उघड्या मोटारींपैकी एक होय. चौथा गट मर्सिडीझ एसएलके, बीएमडब्ल्यू झी-३ अशा आयात केलेल्या गाड्यांचा.

गटानुसार कामाचे स्वरूप बदलते. चौथ्या गटातील अनेक गाड्यांत चेंजरची केबल कारखान्यातूनच डिकीपर्यंत आणलेली असते, तेव्हा नवी वायर ओढण्यापूर्वी डिकीच्या अस्तरामागे पाहून घ्यावे. पहिल्या गटातील गाड्यांत आजच्या मापाचा रेडिओ बसण्याची जागाच नसते. आजचे प्रचलित खोबण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. जुने रेडिओ मात्र दोन बाजूंच्या दोन गोल दांड्यांवर बसत आणि मधल्या चौकोनी फटीतून त्यांचा काटा दिसे. नवा रेडिओ बसावा म्हणून असा डॅशबोर्ड कापणे, ही कधीही भरून न येणारी हानी ठरते. अशा वेळी नवा रेडिओ हातमोजे ठेवण्याच्या खणात किंवा आसनाखाली बसवून मूळ रेडिओ जागेवर तसाच ठेवता येतो.

आधी वीज तपासावी

ठाकुर्लीकरांना डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह नवा नाही. येथील चोळा वीजगृह रेल्वेसाठी उभारले गेले होते आणि या मार्गावरील लोकलगाड्या कित्येक दशके १५०० व्होल्ट डीसीवर धावल्या. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर त्याचे २५ हजार व्होल्ट एसीमध्ये रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले. मोटारीतील वीजही डीसीच असते, फक्त व्होल्टेज अगदी कमी. डीसीमध्ये धन आणि ऋण टोक निश्चित असते आणि त्यांची अदलाबदल इलेक्ट्रॉनिक उपकरणाला सहन होत नाही.

आजच्या मोटारीत बॅटरी १२ व्होल्टची असते आणि तिचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. जुन्या गाडीत या दोन्ही गोष्टी गृहीत धरून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सहा व्होल्टवर चाले. अनेक ब्रिटिश मोटारींत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. अशा 'पॉझिटिव्ह अर्थ' गाडीत नेहमीप्रमाणे चेंजर बसवला, तर त्याची धातूची पेटी बॉडीला टेकताच शॉर्टसर्किट होते. पेटीखाली रबर घातले तरी धोका पूर्ण टळत नाही, कारण एरियलच्या केबलचे बाह्य आवरणही पेटीला जोडलेले असते आणि एरियलमार्फत ते बॉडीला टेकते. सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ या दोन्हींवर विद्युतदृष्ट्या विलग असलेला डीसी कन्व्हर्टर हा सुरक्षित उपाय आहे. मात्र तेव्हाही रेडिओ, चेंजर आणि एरियल बॉडीपासून अलग ठेवावेच लागतात. संपूर्ण गाडीच निगेटिव्ह अर्थ करता येते, पण त्यासाठी बॅटरीची टोके बदलून भागत नाही. डायनामोचे चुंबकीय ध्रुव पुन्हा ठरवावे लागतात आणि अँपिअरमापक व इग्निशन कॉइलच्या जोडण्याही उलट कराव्या लागतात. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

पुढचा प्रश्न वीज पुरेशी आहे काय, हा. ब्रिटिश मोटारींत सर्रास आढळणारा लुकास सी-४० जातीचा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर प्रवाह देतो, तोही इंजिन वेगात असताना. इंजिन मंदगतीने फिरत असेल तर तो जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळी हेडलाइट, मागचे दिवे, वायपर आणि इग्निशन मिळून १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह सहज खर्च होतो. उरलेल्या प्रवाहात रेडिओ आणि चेंजर बेताच्या आवाजात चालतात. त्यात मोठा अँप्लिफायर जोडला, तर कल्याण-शीळ रस्त्यावरील एखाद्या कोंडीत बॅटरी हळूहळू रिकामी होऊ लागते आणि बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

जागेची निवड

उघड्या छताच्या मोटारीत डिकी आधीच लहान असते आणि तिचा बराचसा भाग दुमडलेले छत व्यापते. म्हणून चेंजरची जागा ठरवताना छत एकदा पूर्ण उघडून आणि एकदा पूर्ण मिटवून पाहावे. छताचे लोखंडी हात, स्प्रिंगा आणि कापड कोठून सरकतात, याच्या खुणा खडूने कराव्यात. जागा निवडताना सुटे चाक, जॅक आणि पेट्रोलची टाकी यांचाही विचार हवा. अनेक जुन्या गाड्यांत टाकी डिकीच्या तळाशी किंवा मागील आसनामागे असते. स्क्रू मारण्यासाठी ड्रिल चालवण्यापूर्वी त्या पत्र्याच्या पलीकडे काय आहे, हे हाताने चाचपून आणि टॉर्चने पाहून घेणे अत्यावश्यक आहे. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा इंधनाच्या नळीजवळ ड्रिल चालवूच नये.

चेंजर तळाशी कधीही ठेवू नये. पाणी प्रथम तेथेच साचते. डिकीच्या एका बाजूच्या पत्र्यावर उंचावर, किंवा मागील आसनाच्या पाठीमागे लाकडी फळीवर तो बसवणे उत्तम. फळीचा आणखी एक फायदा असा की, फळी मूळ भोकांतील बोल्टवर बसवली तर गाडीला नवी भोके पाडावी लागत नाहीत आणि पुढे चेंजर काढून टाकला तरी मागे खूण उरत नाही. जीप आणि जिप्सीसारख्या गाड्यांना बंदिस्त डिकीच नसते. तेथे आसनाखालील, झाकण व कुलूप असलेली धातूची पेटी हाच पर्याय राहतो.

चेंजर आडवा, उभा किंवा तिरका बसवता येतो, पण त्यानुसार त्याच्या दोन्ही बाजूंवरील स्प्रिंगांचे निवडक योग्य खुणेवर फिरवावे लागतात. आडव्यासाठी लावलेली स्प्रिंग तशीच ठेवून यंत्र उभे बसवले, तर वाचनयंत्रणा एका बाजूला लोंबते आणि साध्या धक्क्यानेही गाणे उड्या मारते. वाहतुकीत यंत्रणा हलू नये म्हणून कारखान्यात घातलेले स्क्रू बसवण्यापूर्वी काढायचे असतात. ते तसेच राहिले तर रबरी गाद्यांचा उपयोगच होत नाही. जुना चेंजर कुरियरने मागवला असेल, तर विक्रेत्याने हे स्क्रू पुन्हा लावले आहेत काय, हेही पाहावे.

रेडिओशी जोडण्याचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे चेंजरच्याच कंपनीचा, त्याच काळातील रेडिओ वापरणे. सोनीची युनिलिंक, पायोनियरची आयपी-बस, अल्पाइनची एआय-नेट, क्लॅरियनची सी-नेट अशा प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र पद्धती होत्या. एकाचा चेंजर दुसऱ्याच्या रेडिओशी बोलत नाही. प्लग एकमेकांत बसला म्हणजे जोडणी जुळली, असे समजू नये.

दुसरा मार्ग एफएम मॉड्युलेटरचा. यात चेंजरमधील संगीत एका लहान पेटीत एफएम लहरींत बदलून एरियलच्या केबलमधून रेडिओला दिले जाते आणि रेडिओला ते एखाद्या केंद्रासारखे ऐकू येते. चेंजर चालवण्यासाठी वेगळा छोटा रिमोट किंवा पट्टी असते. रेडिओ न बदलता काम होते, हा याचा मोठा गुण. मात्र मूळ रेडिओवर एफएम असायला हवे. पहिल्या गटातील अनेक गाड्यांच्या रेडिओंवर केवळ मध्यमलहरी असत. मुंबईची केंद्रे कल्याणपर्यंत ऐकू येतात, म्हणून मॉड्युलेटरची कंप्रता निवडताना ९१.१, ९३.५, ९८.३, १००.७ आणि १०७.१ मेगाहर्ट्झ यांच्या आसपास जाऊ नये. ८८ मेगाहर्ट्झजवळचा मोकळा भाग आधी तपासावा. एफएमवर ध्वनीची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झपर्यंत असते, तर सीडीवर ती २० किलोहर्ट्झ. आवाजात किंचित फरक पडतो, पण वाऱ्याच्या घोंगावण्यात तो जाणवणे कठीण.

तिसरा मार्ग, चेंजरमधून थेट ध्वनीच्या तारा काढून रेडिओच्या ऑक्झिलरी खोबणीत देणे. त्यासाठी चेंजरला स्वतंत्र नियंत्रक लागतो. याच विचाराची उलटी बाजू आज उपयोगी पडते. चेंजरची खोबण असलेल्या अनेक जुन्या रेडिओंसाठी असे अडॅप्टर मिळतात, जे रेडिओला आपण चेंजर आहोत असे भासवतात आणि प्रत्यक्षात मोबाइलमधील गाणी ऐकवतात. चेंजर मिळालाच नाही, तर डॅशबोर्डला धक्का न लावता हा पर्याय वापरता येतो.

वायरिंग: सर्वांत महत्त्वाचे काम

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सोडवावी आणि सर्व काम पूर्ण झाल्यावरच ती शेवटी जोडावी. बाजारातील बहुतेक रेडिओंमध्ये पिवळी वायर बॅटरीकडून कायम येणाऱ्या विजेची, लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी वायर अर्थची असते. जुन्या मोटारीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र निराळे असतात. ब्रिटिश गाड्यांत काळी वायर अर्थची असली, तरी काही युरोपीय गाड्यांत अर्थ तपकिरी असते. म्हणून रंगावर विसंबून न राहता मल्टिमीटरने तपासूनच जोडणी करावी.

जुन्या गाडीत दोन-चारच फ्यूज असतात आणि त्यांवर आधीच भरपूर भार असतो. सिगारेट लायटर किंवा वायपरच्या वायरला चिमटा लावून चेंजरला वीज देण्याची सवय त्यामुळेच धोकादायक ठरते. चेंजर व रेडिओसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढावी आणि तिच्यावरचा फ्यूज बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आत बसवावा. फ्यूज यंत्रासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो प्रथम वायरच्या रक्षणासाठी असतो. तो डिकीत, चेंजरजवळ बसवला, तर बॅटरीपासून डिकीपर्यंतची सारी वायर असंरक्षित राहते. वाटेत ती पत्र्याच्या कडेवर कापली गेली की बॅटरीचा पूर्ण प्रवाह त्या जागेतून वाहू लागतो आणि आग लागते. फ्यूजची क्षमता यंत्राच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावी. वितळलेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे दुर्घटनेला निमंत्रण देणे.

वायरीची जाडी हिशेबाने ठरते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. अशी पाच मीटर वायर डिकीपर्यंत नेली आणि तीतून दहा अँपिअर प्रवाह वाहिला, तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट साधारण एकतृतीयांश व्होल्टवर येते. केवळ चेंजरसाठी पातळ वायर पुरते, पण डिकीत अँप्लिफायरही असेल तर जाड वायरच हवी.

पत्र्यातील प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट बसवावे आणि सर्व वायरी नालीदार नळीतून न्याव्यात. छताच्या हालत्या हातांपासून, गिअरच्या दांड्यापासून आणि सायलेन्सरपासून त्या दूर ठेवाव्यात. टोके पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सोडून द्यावी. कोकणच्या हवेत ती पट्टी वर्षभरात सुटते. दाबून बसवलेले टर्मिनल आणि उष्णतेने आकसणारी नळी टिकाऊ असते. वीज वाहणारी वायर गाडीच्या एका बाजूने आणि संगीताची केबल दुसऱ्या बाजूने नेली, तर स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बऱ्याच अंशी टळते. तरीही टकटक ऐकू येत असेल, तर दोष बहुधा स्पार्क प्लगच्या तारांत असतो. रोध असलेल्या तारा किंवा टोप्या बसवल्यावर तो जातो.

अर्थची जोडणी हा वेगळा विषय आहे. लोखंडी बॉडीच्या गाडीत रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर बोल्टने अर्थ घट्ट करावी आणि वरून ग्रीस लावावे. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या बॉडीतून मात्र वीज वाहतच नाही. तेथे चॅसिसपर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर न्यावी लागते. फायबरग्लासवर बसवलेल्या एरियललाही खाली धातूचा पृष्ठभाग मिळत नाही, म्हणून त्याच्या तळाशी आतून धातूची पट्टी लावून ती अर्थ करावी. अन्यथा रेडिओ खरखरत राहतो आणि दोष मात्र चेंजरला दिला जातो.

पावसाळा आणि उन्हाळा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईसह कल्याण परिसरही पाण्याखाली गेला. तसा प्रसंग विरळा, पण जुन्या कापडी छताच्या गाडीला त्याची गरजही नसते. शिवणीतून झिरपणारे, मागील काचेच्या कडेने ओघळणारे आणि डिकीच्या झिजलेल्या रबरातून शिरणारे पाणी पुरेसे असते. म्हणून चेंजर बसवण्यापूर्वी पाइपने छतावर आणि डिकीच्या झाकणावर दहा मिनिटे पाणी सोडून आत कोठे ओल येते, हे पाहावे. छताच्या खाचेतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाने व मातीने तुंबतात. त्या दर मे महिन्यात मोकळ्या कराव्यात. जोडणीचे प्लग खाली तोंड करून ठेवावेत आणि वायर प्लगपाशी येण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते.

दमट हवेत लेसरच्या भिंगावर दव साचते आणि चेंजर सीडी ओळखत नाही. त्याला बिघाड समजू नये. मॅगझिन बाहेर काढून तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यास यंत्र बहुधा पूर्ववत चालते. गंधकयुक्त वायूंनी तांब्याची व चांदीची टोके काळवंडतात, त्यामुळे कारखान्यांजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा सर्व प्लग काढून संपर्क-स्वच्छकाने पुसावेत. पूर येण्याची शक्यता असेल तर मॅगझिन घरात न्यावे आणि बॅटरीची तार सोडवून ठेवावी. पाणी शिरलेला चेंजर वाळलेला दिसला तरी तपासणीशिवाय चालू करू नये.

उन्हाळ्यात बंद गाडीतील तापमान बाहेरच्यापेक्षा अर्ध्या तासात वीस अंशांनी वाढू शकते. घरी तयार केलेल्या सीडींचा रंगद्रव्याचा थर अशा उष्णतेने व उन्हाने खराब होतो. त्यांवर चिकटवलेली कागदी लेबले सुटून यंत्रात अडकतात, म्हणून लेबल लावलेली सीडी चेंजरमध्ये घालूच नये.

आवाज, कायदा आणि विमा

छत उघडे असताना गाडीच्या वेगाबरोबर वाऱ्याचा आवाज वाढतो आणि स्पीकरचा आवाज कमी वाटू लागतो. केवळ तीन डेसिबल वाढ मिळवण्यासाठी अँप्लिफायरची शक्ती दुप्पट लागते, हे लक्षात घेता मोठा अँप्लिफायर हा खर्चिक आणि जुन्या डायनामोला न पेलणारा उपाय ठरतो. त्यापेक्षा स्पीकर कानाजवळ आणण्यात शहाणपण आहे. आसनांमागे किंवा दारात उंचावर बसवलेले, पाणी सोसणाऱ्या शंकूचे स्पीकर पुरतात. भिजल्यावर फुगणारे कागदी शंकूचे स्पीकर टाळावेत. उघड्या मोटारीतील संगीत शेजाऱ्यांच्या खिडकीतही शिरते, याचे भान हवे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. चेंजर बसवल्याने असा तपशील बदलत नाही. पण बंद गाडीचे छत कापून ती उघडी करणे हा अगदी निराळा प्रकार असून त्याकडे परिवहन कार्यालयाच्या परवानगीविना वळू नये. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न केलेले, मूळ स्वरूपातील वाहनच त्यास पात्र ठरते. जुन्या मोटारींच्या रॅलींमध्येही मूळपणाला गुण असतात. या कारणानेही भोके न पाडता, मागे घेता येईल असेच काम करावे. विम्याच्या पॉलिसीत कारखान्याने न बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांची किंमत स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. ती न नोंदवल्यास चोरी किंवा नुकसानीच्या वेळी चेंजरची भरपाई मिळत नाही.

शेवटची तपासणी

काम संपल्यावर इंजिन व सर्व दिवे बंद करून बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर अँपिअरवर लावून पाहावा. मीटर लावलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, मीटर जळतो. गाडी उभी असताना वाहणारा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तेवढा प्रवाहदेखील महिनाभरात ३६ अँपिअर-तास खर्च करतो. म्हणजे आठवड्यातून एकदाही न निघणाऱ्या गाडीची लहान बॅटरी महिन्याअखेरीस रिकामी होते. अशा गाडीत बॅटरीला तोडणारा स्वतंत्र स्विच बसवणे हिताचे. त्यानंतर इंजिन सुरू करून, हेडलाइट व वायपर लावून, संगीत नेहमीच्या आवाजात पंधरा मिनिटे चालवावे आणि फ्यूजची पेटी, अर्थचा बोल्ट व प्रत्येक जोड हाताने चाचपावा. जोड गरम लागत असेल तर तो सैल आहे, असे समजून लगेच दुरुस्त करावा.

शेवटी, कोणती वायर कोठून कोठे गेली, फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि तो नेमका कोठे आहे, याची आकृती काढून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. जुनी मोटार पुढे अनेकांच्या हाती जाते. अंधारात, भर पावसात तिच्या बॉनेटखाली टॉर्च धरून उभा असलेला पुढचा ऑटो इलेक्ट्रिशियन ती आकृती पाहून चुकीची वायर कापणार नाही.